कोल्डप्ले: गाजावाजा झाला, पण भलत्याच गोष्टीचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे नवी मुंबईत तीन (१८, १९ आणि २१ तारखेला) आणि अहमदाबादेत दोन (२५ आणि २६ तारखेला) कार्यक्रम झाले. गोव्यातूनही बरीच माणसे गेली होती. त्यावर आपल्याकडे जे छापून आले त्याचे दोनच प्रकार. एकात तिकिटांचे भाव, प्रेक्षकांना दिलेले मनगटावरचे दिवे आणि हजर असलेल्या नामवंतांची नावे. दुसऱ्यात 'हा सगळा भपका, यात संगीत कुठे?' असा सवाल. गाणी कशी वाजली, कोणी काय वाजवले, आठ वर्षांपूर्वीच्या मानाने काय सुधारले आणि काय घसरले, यावर ओळही नाही. ज्या गोव्यात घरोघरी कोणी ना कोणी पेटी, तबला, घुमट नाहीतर व्हायोलिन वाजवतो, तिथे तरी ही चर्चा सुरांवर यायला हवी होती. म्हणून हे लांबलेले पत्र.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: या बँडचे नाव मोठे आहे ते उगाच नाही, पण ज्या गोष्टींसाठी ते गाजते त्या गोष्टी त्यांच्या कामाचा सर्वांत हलका भाग आहेत. दिवे, फुगे आणि कागदी फुलांचा पाऊस बाजूला काढला की मागे चार माणसांची फार काटकसरीने वाजवणारी मंडळी उरते. २०१६ मध्ये मुंबईत ती नीट ऐकू आली नव्हती आणि त्या एका संध्याकाळवरून झालेले मत आता बदलायला हवे.

१९ नोव्हेंबर २०१६ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर 'ग्लोबल सिटिझन' महोत्सव झाला. नोटाबंदी होऊन अकरा दिवस झालेले, लोकांच्या खिशात सुटे नाहीत, आणि दिवसभर एकामागून एक कलाकार. कोल्डप्ले शेवटी. ए. आर. रहमान त्यांच्यासोबत मंचावर आले, त्याच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या. पण महोत्सवात बँडला स्वतःचा मंच मिळत नाही. स्वतःच्या दौऱ्यात दुपारी तास-दीड तास पूर्ण साउंडचेक होतो. महोत्सवात आधीच्या कलाकाराचे सामान उतरवायचे, आपले चढवायचे आणि कुठला माईक मिक्सरच्या (सगळे आवाज एकत्र जुळवणाऱ्या यंत्राच्या) कुठल्या चॅनेलवर येतो एवढेच तपासायचे. ड्रमचा आवाज मैदानात कसा बसतो, गायकाच्या आवाजावर पियानो चढतो का, हे पहिल्या दोन-तीन गाण्यांत, लोकांच्या समोरच, जुळवावे लागते. त्यात ते मैदान सपाट. सपाट मैदानात मागच्या माणसापर्यंत जो आवाज येतो तो पुढच्यांच्या डोक्यांवरून घासत येतो. त्यातले तार स्वर माणसांचे कपडे नि अंगे शोषून घेतात आणि खालचा 'धम्म' तेवढा पोचतो. 'गुळमुळीत बँड आहे' हे २०१६ चे मत बरेचसे त्या मातीवर बनलेले मत होते.

मताची दुसरी मुळे आणखी जुनी. १९९६-९७ च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जमलेली ही चार मुले: क्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन, विल चॅम्पियन. २००० साली पहिला अल्बम आला आणि पाचच वर्षांत अशी वेळ आली की त्यांचा तिसरा अल्बम लांबला म्हणून रेकॉर्ड कंपनीला नफा कमी होईल असे जाहीर करावे लागले. तो अल्बम २००५ मध्ये जगात सर्वाधिक खपला. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने त्यांना दशकातला सर्वांत असह्य बँड ठरवले. तेव्हापासून या बँडकडे कोणी कोऱ्या कानाने पाहिलेले नाही. एक तर भक्ती, नाहीतर तिटकारा.

आता सुरांकडे येऊ.

२००२ सालचे 'क्लॉक्स' घ्या. २००४ मध्ये याला ग्रॅमीचा 'रेकॉर्ड ऑफ द इयर' मिळाला. त्याची पियानोवरची सुरावट पेटीवर वाजवून पाहण्यासारखी आहे आणि ज्यांना हा बँड पोकळ वाटतो त्यांनी ती जरूर वाजवावी. षड्ज काळी दोनला धरा. पहिल्या आठ मात्रांत: सां प ग, सां प ग, सां प. पुढच्या आठांत कोमल निषाद: नि प रे, नि प रे, नि प. हाच आठाचा तुकडा पुन्हा एकदा. चौथ्या आठात: ध म रे, ध म रे, ध म. झाले. बत्तीस मात्रांचे आवर्तन, सबंध गाण्याचा कणा हाच. वरचा सूर सां, नि, नि, ध असा पायरीपायरीने उतरतो आणि मग एकदम उडी घेऊन पुन्हा सां वर जातो. शुद्ध गंधार आणि कोमल निषाद, म्हणजे खमाजाचा थाट. नाट्यगीते ऐकत वाढलेल्या गोमंतकीय कानाला हे गाणे पहिल्याच वेळी ओळखीचे वाटते ते यामुळे.

सोपे दिसते, पण बिघडते. गाण्याची चाल मिनिटाला १३१ ठोक्यांची, एका ठोक्यात दोन सूर, म्हणजे आठ सूर दोन सेकंदांच्या आत उरकायचे. भजनी ठेका हातात मुरलेला वादक या आठाचे नकळत चार-चार करतो. मग तीन-तीन-दोन ही मोड जाते आणि सुरावट पळत्या सरगमीसारखी सपाट होते. उपाय असा की वजन फक्त पहिल्या, चौथ्या आणि सातव्या सुरावर द्यायचे, बाकीचे पाच बोटाच्या टोकाने नुसते स्पर्शायचे. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) ८० ला लावून सुरुवात करावी, आठही सूर सारखे पडू लागले की पाच-पाचाने वाढवावा. पेटीवर आणखी एक अडचण: बोट उचलायला उशीर झाला की आधीचा सूर पुढच्यात मिसळतो आणि चिखल होतो. पियानोत हातोडी तारेवर आपटली की सूर आपोआप विरत जातो, पेटीत भात्याची हवा आहे तोवर तो तसाच राहतो. म्हणून पेटीवर बोटे कमी दाबून, लवकर उचलून वाजवावे.

आता विचार करा की मार्टिन हे तीन-तीन-दोन उजव्या हाताने वाजवत असताना त्यावर सरळ चार ठोक्यांत चालणारी ओळ गातो, तीही बरीचशी तार सप्तकात. यंत्रावर सुरावट लावून मोकळ्या हाताने नाचता आले असते. तो ती वाजवतो. प्रत्यक्ष ऐकताना चौथ्या आठानंतर सां वर परत जाताना किंचित रेटा येतो, तो मुद्रित गाण्यात इतका जाणवत नाही. या एका रेट्यासाठी आम्ही त्यांना पुन्हा ऐकायला जाऊ.

दुसरे नाव घ्यायचे ते ड्रमर विल चॅम्पियनचे, आणि हे नाव आपल्याकडच्या एकाही बातमीत आले नाही याची खंत वाटते. बँडमध्ये येण्याआधी तो ड्रमर नव्हताच. गिटार आणि पियानो वाजवायचा. यांना ड्रमर हवा होता म्हणून तो ड्रम शिकला. त्यामुळे त्याच्या हातात ड्रमरची फुशारकी नाही. जिथे दुसरा माणूस चारही बाजूंनी तोडे टाकील तिथे हा एक ठोका कमी मारतो आणि गायकाला जागा करून देतो. आपल्याकडे चांगल्या तबलजीबद्दल 'तो गाणाऱ्याला सांभाळतो' असे म्हणतात, तेच हे. २००८ च्या 'व्हिवा ला व्हिडा'त तर तो नेहमीचा ड्रमसेट वाजवतच नाही. मोठा ढोल आणि घंटा, एवढ्यावर सगळे गाणे पेलतो. त्या गाण्याची स्वररचनाही पाहा: षड्ज काळी चार मानला तर स्वरसंगती मध्यम, पंचम, षड्ज, धैवत या क्रमाने फिरते. घरातून निघून घरी येणारी ही चाल नाही. ती मध्यमावर सुरू होते, षड्ज तिसऱ्या घरात भेटतो न भेटतो तोच सुटतो. म्हणून ते गाणे संपूच नये असे वाटते आणि हजारो लोक नुसता 'ओ ओ' करीत ते पुढे चालू ठेवतात. मिनिटाला १३८ ठोके, प्रत्येक ठोक्याला ढोल. शिमग्याच्या रोमटामेळात पाय थिरकतात त्याच जातीचा हा जोर आहे.

पण याच गाण्यात एक दोष लपलेला आहे, तो सांगायलाच हवा. मंचावर माणसे चारच. व्हायोलिने वाजताना ऐकू येतात, वाजवणारा कोणी दिसत नाही. ती आधी मुद्रित केलेली असतात. सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीयांनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद बांधले, त्या गोव्यातल्या श्रोत्याला वीस माणसांचे गज एकदम वर उठतात तेव्हा काय होते हे सांगायची गरज नाही. ते इथे होत नाही.

मुद्रित भाग वापरतात म्हणजे 'सगळे खोटे' असेही नव्हे. अशा दौऱ्यात रीत अशी असते: एका संगणकावर प्रत्येक गाण्याचे जोडभाग (व्हायोलिने, मागचे समूहस्वर, सिंथचे आवाज) वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात. त्याच्याच शेजारी दुसरा संगणक तेच गाणे मुकाट्याने चालवत ठेवतात, पहिला अडला तर तो उचलतो. ड्रमरच्या कानात 'टिक टिक' असा ठोका जातो आणि त्याच घड्याळावर दिवे, पडद्यावरची चित्रे आणि प्रेक्षकांच्या मनगटावरचे पट्टे बांधलेले असतात. चुकते केव्हा? गायकाने भावनेच्या भरात धृपद एकदा जास्त घेतले की संगणक पुढे निघून जातो आणि माणसे मागे राहतात. म्हणून जी गाणी या घड्याळाला घट्ट बांधलेली असतात त्यांत गायकाला उपज (आयत्या वेळची भर) घेता येत नाही. या दौऱ्यात 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' मध्येच थांबवून, 'फोन खिशात ठेवा' अशी विनंती करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. लोकांना तो क्षण आवडतो. त्यामागे संगणक, दिवे आणि पट्टे एकदम थांबवून पुन्हा शून्यावर आणणारी माणसे काम करीत असतात, हेही जाता जाता लक्षात घ्यावे.

बीटीएस या कोरियन बँडसोबतच्या २०२१ च्या 'माय युनिव्हर्स'मध्ये तर अर्धे गायक पडद्यावर आणि त्यांचा आवाज मुद्रित. इथे मात्र आमचा बँडवर सरळ आक्षेप आहे. गेल्या काही वर्षांतली बरीच गाणी दिव्यांसाठी लिहिल्यासारखी आहेत. चार ओळींत धृपद, धृपदात चार शब्द, मग ढोल थांबतो, सगळे अंधारते, आणि लखकन रंग. 'द सायंटिस्ट' किंवा 'फिक्स यू'मध्ये ताण हळूहळू बांधला जातो. 'फिक्स यू' पाच मिनिटांचे, त्यातली पहिली अडीच मिनिटे जवळजवळ नुसते ऑर्गन आणि आवाज, मग गिटार येते तेव्हा ती कमावलेली असते. नव्या गाण्यांना एवढा धीर नाही. ऑक्टोबर २०२४ चा 'मून म्युझिक' हा त्यांचा दहावा अल्बम. बारा झाले की थांबू असे मार्टिन म्हणतो. उरलेल्या दोनांत तरी त्यांनी अडीच मिनिटे थांबायचे धाडस पुन्हा करावे.

स्टेडियममधल्या आवाजाबद्दल तक्रारी पुष्कळ झाल्या. त्यातल्या काही रास्त, काही भौतिकशास्त्राच्या. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. मुख्य मंचापासून ८० मीटरवर बसलेल्या माणसाला 'क्लॉक्स'चा प्रत्येक सूर साधारण पाव सेकंद, म्हणजे बरोबर एक सूर उशिरा ऐकू येतो. मनगटावरचा दिवा मात्र त्याच क्षणी लागतो. त्यामुळे मागच्या माणसाला दिवे ठोक्याच्या पुढे धावताना दिसतात आणि बँडच बेताल वाटतो. तो माणूस गाऊ लागला तर त्याचा आवाज मंचावर परत पोचायला आणखी पाव सेकंद, म्हणजे एकूण एक पूर्ण ठोका मागे. मोठ्या दिंडीत पुढचे टाळ नि मागचे टाळ जुळत नाहीत, तेच हे गणित. वास्कोच्या भजनी सप्ताहात टाळकरी तीन-चार मीटरच्या घोळक्यात उभे असतात, त्यांच्यातला फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढा, म्हणून ते कानातल्या यंत्राशिवाय एकत्र राहतात. स्टेडियममध्ये ते शक्य नाही. गायक-वादकांच्या कानात आवाज थेट पोचवणारी बोंडे असतात ती याचसाठी. गायक लोकांचा आवाज ऐकायला एक बोंड काढतो तेव्हा त्याची लय मागे ओढली जायचा धोका असतो. त्या क्षणी ड्रमरकडे बघावे, कारण तिथे लय धरून ठेवणारा तो एकटाच असतो.

मैदानाच्या मध्यावर जे उंच मनोरे उभारतात त्यांतल्या स्पीकरना मुद्दाम उशीर लावलेला असतो. मुख्य मंचाचा आवाज तिथवर पोचेपर्यंत थांबायचे आणि त्याच्या दहा-पंधरा हजारांश सेकंदांनंतर वाजायचे, म्हणजे कानाला आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. हा हिशेब दुपारच्या उन्हात केला आणि रात्री हवा गार झाली की थोडा सरकतो, कारण तापमान एक अंशाने उतरले की आवाजाचा वेगही सेकंदाला साठेक सेंटिमीटरने कमी होतो. चांगला साउंडवाला संध्याकाळी तो पुन्हा लावतो. खालच्या स्वरांची कथा वेगळी. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे सात मीटर. मंचाच्या डाव्या-उजव्या स्पीकरांच्या ढिगांतून ती एकाच वेळी निघते, म्हणून मधोमध उभ्या माणसाला ढोल छातीत बसतो आणि चार पावले बाजूला सरकले की तोच ढोल पोकळ होतो. त्यापुढे काँक्रीटच्या पायऱ्या आणि छत. बकलंडच्या गिटारला मुळातच प्रतिध्वनीचे यंत्र लावलेले असते. त्यावर छताचा प्रतिध्वनी चढला की त्याची तीन सुरांची नाजूक नक्षी वरच्या मजल्यावर गढूळ होते. त्याला वादक काही करू शकत नाही.

याच बकलंडची एक बारीक गोष्ट. 'यलो' हे पांढरी सातमधले गाणे. त्यासाठी गिटारची चौथी तार डी वरून बी ला, म्हणजे तीन अर्धस्वर खाली, आणि पहिली तार ई वरून डी शार्पला, अर्धा स्वर खाली लावतात. बाकीच्या चार तारा जशाच्या तशा. नेहमीच्या जुळणीत हे गाणे वाजवले तर ती मोकळ्या तारांची घुमणारी झिणझिण येतच नाही, म्हणून होतकरू वादकांचे 'यलो' कोरडे वाटते. आयत्या वेळी तारा उतरवत बसता येत नाही, तशी जुळवलेली दुसरी गिटार तयार ठेवावी लागते.

गोव्यात ज्यांनी घरी बसून २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर पाहिला त्यांचे मत वेगळे का पडले, तेही यातून कळेल. प्रक्षेपणाला जाणारा आवाज स्टेडियमच्या मिक्सरवरचा नसतो. त्यासाठी वेगळ्या खोलीत वेगळा माणूस मिश्रण करतो. प्रेक्षकांकडे तोंड केलेले माईक लावून त्यांचा उशीर दुरुस्त करून मग मिसळतात, त्यामुळे लाखभर माणसे अगदी तालात गाताना ऐकू येतात. तिथे बसलेल्या कुणालाही ती तशी ऐकू आलेली नाहीत. उलट मोबाइलच्या चित्रफिती. फोनचा माईक एवढा आवाज पेलू शकत नाही, तो स्वतःच पातळी दाबतो, खालचे स्वर जातात आणि शेजारी ओरडून गाणारा माणूस मार्टिनपेक्षा मोठा होतो. 'मार्टिन बेसूर गायला' असे म्हणणाऱ्या निम्म्या मंडळींनी शेजारच्याचा बेसूर ऐकलेला असतो. त्याचा आवाज २०१६ इतका तरणा नाही हे मात्र खरे. वरच्या जागा तो आता जपून घेतो आणि अवघड ओळ लोकांवर सोडतो. सत्तेचाळिशीत ते चालण्यासारखे आहे.

या दौऱ्याची मांडणी चार अंकांची आहे: ग्रह, चंद्र, तारे आणि घर. शेवटच्या अंकात चौघे मुख्य मंच सोडून प्रेक्षकांमधल्या एका छोट्या चौथऱ्यावर जातात. तिथे पहिल्या अल्बममधले 'स्पार्क्स' सारखे सहा मात्रांच्या झुलत्या चालीचे गाणे, जवळजवळ जोडभागांशिवाय. दिवे मंद, पडदा गप्प. चारही माणसे एकमेकांच्या हाताच्या अंतरावर. आमच्या मते सबंध कार्यक्रमातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि नेमका याच वेळी लोक पाणी आणायला उठतात. चतुर्थीत घरच्या माटोळीखाली घुमट, शामेळ आणि कासाळे घेऊन आरतीला बसलेली मंडळी एकमेकांच्या डोळ्यांकडे बघून लय वाढवतात, तसे इथे होते. बेरीमनचा बेस, जो दोन तास मुळातला सूर धरून मागे राहिलेला असतो, तो इथे कळतो. ही माणसे जवळजवळ तीस वर्षे एकत्र वाजवत आहेत, आणि एकही बदललेला नाही, हे कानाला सांगावे लागत नाही.

तिकिटांविषयी एवढेच. ठरलेला भाव अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होता, काळ्या बाजारात तो कुठल्या कुठे गेला. दहापट पैसे मोजलेला माणूस 'ठीक होते' असे म्हणू शकत नाही. त्याला ते आयुष्यातले सर्वश्रेष्ठ म्हणावेच लागते. आणि ज्याला तिकीट मिळाले नाही त्याला भपका म्हणावे लागते. दोन्ही मते ऐकताना तिकीट कितीला पडले हे आधी विचारावे.

दौरा पर्यावरणपूरक असल्याच्या दाव्याला आपल्याकडे कुणी हात लावला नाही. २०१९ मध्ये या बँडने दौरे थांबवले होते. २०२२ पासूनच्या या दौऱ्यात जुन्या मोटारींच्या बॅटऱ्यांपासून बनवलेला वीजसाठा, उड्या मारल्या की वीज तयार करणारी जमीन, पायाने फिरवायच्या सायकली आणि परत घेऊन पुन्हा वापरायचे मनगटी पट्टे आहेत. २०१६-१७ च्या दौऱ्याच्या तुलनेत प्रत्येक कार्यक्रमामागचे थेट कार्बन उत्सर्जन ५९ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केले. काम प्रामाणिक आहे, पण त्या आकड्यात प्रेक्षकांचा प्रवास नाही. दाबोळीहून किंवा मोपाहून विमानाने जाणाऱ्याने पट्टा परत केला म्हणून त्याचा हिशेब मिटत नाही. मडगावहून कोकणकन्या किंवा मांडवीने पनवेलला उतरावे, हार्बर लाइनच्या लोकलने सहावे स्टेशन नेरूळ, नवी मुंबईचे स्टेडियम तिथेच. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि कार्यक्रमाचे तिकीट त्याच्या कितीतरी आधी विकले जाते, म्हणून मधली तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, नाहीतर शेवटी विमानच उरते.

पुढे कधी अशा कार्यक्रमाला जाणाऱ्यांसाठी: मंचासमोरच्या गर्दीत घुसण्यात आवाजाच्या दृष्टीने काही कमाई नाही. मिक्सरचा तंबू शोधावा आणि त्याच्या पाच-दहा मीटर पुढे उभे राहावे. साउंडवाला जे ऐकून जुळवतो तेच तिथे ऐकू येते. वरच्या मजल्यावर जागा असेल तर छताखालच्या शेवटच्या रांगा टाळाव्यात. कानात फोमची बोंडे घातली तर तार स्वर आधी जातात आणि गाणे पांघरुणाखाली वाजल्यासारखे होते. वादक वापरतात तसली जाळीची बोंडे मिळतात, ती सगळे स्वर सारखेच पंधरा-वीस डेसिबलने उतरवतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशा ठिकाणांसाठी सुचवलेली मर्यादा सरासरी १०० डेसिबल आहे. मुलांना नेताना कानांवरची झाकणे न्यावीतच.

संपादक महोदय, एक विनंती. वर दिलेली 'क्लॉक्स'ची बत्तीस मात्रांची सुरावट आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वरलिपीत, आठ-आठ मात्रांच्या चार ओळींत छापावी. षड्ज काळी दोन असा उल्लेख वर करावा, निषादाखाली कोमलाची रेघ द्यावी आणि प्रत्येक ओळीत पहिल्या, चौथ्या, सातव्या सुराखाली वजनाची खूण करावी. पेटी शिकणारी मुले ती आठवडाभरात बसवतील.

आपले नम्र,
पाश्चात्त्य संगीताचे काही श्रोते,
फोंडा, गोवा